कुंताच्या भट्टीचं प्रकरण

मु. खैरटोला, पो. लाखांदूर, जि. भंडारा
दि. १० मार्च १९८७

चि. कवडूस,

तुझ्या दादाचे अनेक आशीर्वाद.

तुझं कार्ड गेल्याच्या आधीच्या शनिवारी मिळालं. अक्षर दुसऱ्याचं होतं, पण मजकूर तुझाच, ते पहिल्या ओळीतच ओळखलं. सात वर्षांनी तुझे शब्द वाचले. लगेच उत्तर टाकायला हवं होतं. चार दिवस कार्ड सदऱ्याच्या खिशात घेऊन फिरलो, ही माझी चूक.

इकडे यंदा धान बरं झालं. तलावात अजून पाणी आहे, म्हणून खालच्या दोन बांध्यांत उन्हाळी धान लावलं आहे. तुझ्या वहिनीचे गुडघे धरले आहेत, तरी कुणाचं ऐकत नाही. थोरल्याचं लग्न झालं. मोह यंदा लवकर गळू लागला, बायका पहाटेच टोपल्या घेऊन रानात जातात. शिमगा तोंडावर आला आहे.

आई गेली, कवडू. चौऱ्याऐंशी साली, पोळ्यानंतर आठ दिवसांनी. दुखणं फार नव्हतं. तिच्याबद्दल पुढे लिहितो.

तू दोनच गोष्टी विचारल्यास. शकुन केवढी झाली, तिचा एखादा फोटो असला तर पाठव. आणि कुंता तिच्या नव्या घरी सुखात आहे का. "मी काही मागायले येत नाही दादा, फक्त कानावर येऊ दे," असं तू लिहवून घेतलंस.

शकुन बारा वर्षांची आहे. सहावीत आहे, गणितात पक्की. तुझ्यासारखीच डावखुरी, मास्तरांनी किती मारलं तरी पाटी डाव्याच हाताने लिहायची. फोटो या पाकिटात ठेवला आहे.

दुसऱ्या गोष्टीचं उत्तर द्यायलाच बसलो आहे. ते एका ओळीत बसत नाही. तू गेल्यापासून सांगावं लागेल.

तू गेलास एकोणऐंशीच्या दुष्काळात. बांध्यांमध्ये धान उभंच करपलं होतं. दिवाळीनंतर चौघांबरोबर कोरब्याकडे खाणीच्या कामावर गेलास, होळीला येतो म्हणालास. होळीला ते चौघे आले. म्हणाले, कवडू दुसऱ्या ठेकेदाराकडे गेला. त्यानंतर पत्र नाही, निरोप नाही. दोन वर्षं गेली.

कुंता आणि शकुन आमच्याच चुलीवर जेवत होत्या. तुझ्याजवळ मी मोठेपणा सांगणार नाही. आमच्या घरी पाच तोंडं. तुझी वहिनी मनाने वाईट नाही, पण त्या दोघींना भात वाढताना तिचा हात कसा आखडायचा ते मला दिसे, आणि कुंतालाही दिसे. दिवसभर लोकांच्या बांध्यांत धानाच्या रोवणीला जायची आणि संध्याकाळी ताटात कमीच घ्यायची. "भूक नाही" म्हणायची.

ब्याऐंशीच्या उन्हाळ्यात सरकारची योजना आली. गरीब घरांना स्वतःचा धंदा काढून द्यायचा, थोडं सरकार सोडणार, बाकी बँक कर्जाने देणार. शाळेच्या ओट्यावर ग्रामसभा झाली. कुणी म्हैस मागितली, कुणी शेळ्या, एकाने सायकल दुरुस्तीचं दुकान. कुंता खांबाआड उभी होती. तिचं नाव पुकारलं तेव्हा विस्तार अधिकारी म्हणाले, "म्हैस लिहू का, बाई?"

"म्हशीले चारा मी कुठून आणू जी?" ती म्हणाली. "मले मुरमुऱ्याची भट्टी पायजे. धान तर गावातच आहे."

तिच्या माहेरी, लाखनीकडे, हाच धंदा होता हे तुला ठाऊक आहे. धान किती भिजवायचं, तांदळाला मिठाचं पाणी कधी लावायचं, कढईतली रेती किती तापली म्हणजे दाणा फुलतो आणि किती तापली म्हणजे जळतो, सगळं तिने तिथेच उभं राहून सांगितलं. साहेबांनी वहीत लिहिलं आणि शेजारच्या ग्रामसेवकाला म्हणाले, "ही बाई धंदा करेल." त्या दिवशी मला तिचा अभिमान वाटला होता. हे खरं आहे, म्हणून लिहितो.

प्रकरण तालुक्याला गेलं आणि दोन महिन्यांनी परत आलं. कुटुंबप्रमुखाची सही नाही. कुटुंबप्रमुख तू.

मी स्वतः ऑफिसात गेलो. टेबलावरचा बाबू काही वाईट माणूस नव्हता. त्याने मला बसायला स्टूल दिलं.

"नवरा कुठे आहे?"

"पत्ता नाही."

"मेला का?"

"नाही."

"मग त्याची सही आणा, पाटील. बाई विधवा असती तर तिच्या अंगठ्यावर काम झालं असतं. विधवांना आधी घ्या असा वरून हुकूमच आहे. पण नवरा जिवंत आहे आणि घरी नाही, अशा बाईसाठी माझ्या फॉर्मात रकाना नाही."

पोलीस पाटील मी. दाखला लिहिणारा मी. शिक्का माझ्या पेटीत. येताना बसमध्ये माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

घरी येऊन कुंताला विचारलं. ती माझ्यासमोर, भासऱ्यासमोर, कधी येत नसे, दाराआडूनच बोलायची. म्हटलं, कागदापुरता दाखला देतो, कुणाला कळणार नाही. मग म्हणाली, "जित्या माणसाले मारून मले भट्टी नोको, भाऊजी. मी रोवणीनंच पोट भरीन."

तिथे विषय संपायला हवा होता.

इथवर लिहून उठलो होतो. तलावाच्या पाळीवरून फिरून आलो. आता थांबलो तर पुन्हा लिहवणार नाही.

बाकी सहा जणांची प्रकरणं मंजूर झाली. चावडीत सरपंच हसत म्हणाले, पाटलाच्या घरचंच तेवढं अडलं. ते मला लागलं. घरी रोजची धुसफूस होतीच. तुझाही राग होता, बायको-पोरगी माझ्या गळ्यात टाकून गेलास म्हणून. हे सगळं मिसळून काय झालं ते मी आता वेगळं करून सांगू शकत नाही. कुंताच्या भल्यासाठी केलं एवढंच लिहिलं, तर ते आणखी एक खोटं होईल.

भाद्रपदात कामासाठी भंडाऱ्याला गेलो होतो. परतलो तो ठरवूनच. अंगणात उभा राहून सांगितलं की स्टँडवर कोरब्याकडचा माणूस भेटला. खाणीत दरड पडली, तिच्यात कवडू गेला, वर्ष झालं म्हणे.

कुंता खोटा कागद करू देईना, म्हणून मी तिला ते खरं म्हणून सांगितलं.

ती सूप घेऊन तांदूळ पाखडत होती. सूप खाली ठेवलं आणि तशीच बसून राहिली. शेजारून रत्नाबाई आली, आणखी बायका आल्या. त्यांनी रडायला सुरुवात केल्यावर ती रडली. रत्नाबाईने तिच्या बांगड्या उंबऱ्यावर फोडल्या. एक काच मनगटात रुतली, त्याचा वण अजून आहे. शकुन सात वर्षांची होती. ती मला विचारत होती, "मोठेबाबा, दरड म्हणजे काय?"

दहाव्याला मी डोकं भादरलं. चुलबंदी नदीच्या काठी तुझ्या नावाचा पिंड ठेवला. वाटलं, कावळा शिवणार नाही आणि लोकांना संशय येईल. कावळा लगेच शिवला. लोक म्हणाले, बिचाऱ्याची काही इच्छा मागे राहिली नव्हती.

आईने मात्र मानलं नाही. दहाव्याचं जेवली नाही. "माह्या पोटाले कोणी सांगतलं नाही," एवढंच म्हणत राहायची. तुझी खाट तिने शेवटपर्यंत कुणाला निजायला दिली नाही. गाव म्हणालं, म्हातारी भ्रमली. मीही लोकांना तेच म्हणालो. जायच्या आधी दोन दिवस ती दर घटकेला विचारायची, "कवडू आला का?" मी उशाशी बसून होतो. एकदा तोंडावर आलं होतं. पण दारात कुंता उभी होती, पांढऱ्या कपाळाने. मी आईच्या तोंडाला पाणी लावलं.

दाखला लिहिला. चौकशीला साहेब आले, कुंताकडे एकदा पाहिलं आणि काही न विचारता सही करून गेले. पौषात मंजुरी आली.

त्याच्या पुढच्या आठवड्यात लाखांदूरच्या बाजारात नाकाडोंगरीचा सेवकराम मला शोधत आला. तूच त्याला धाडलं होतंस. एवढ्या लांबून दोन गाड्या बदलून आला होता बिचारा. चहाच्या टपरीवर बसून त्याने सगळं सांगितलं. कोळसा भरलेल्या वाघिणीच्या चाकाखाली तुझा पाय चेंगरला. दीड वर्ष दवाखान्यात काढलंस. लंगडा होऊन घरी कसं जाऊ म्हणून कळवलं नाहीस. आता कुबडीवर चालतोस, शिवरात्रीला येतोस, कुंताला तेवढं सांगून ठेवा.

कवडू, तेव्हा भट्टी बांधलीही नव्हती. कढई यायची होती. मी तालुक्याला जाऊन कागद परत मागू शकलो असतो. माझी पाटीलकी गेली असती, कदाचित जेल झाली असती, गावात तोंड दाखवायला जागा राहिली नसती. पण तुझं घर उभं राहिलं असतं. आई जिवंत होती.

मी सेवकरामला सांगितलं की कुंताने पाट लावला, पोरीला घेऊन दुसऱ्या गावी गेली. कवडूले म्हणा, येऊन तिच्या संसारात माती कालवू नको.

त्याने चहा अर्धा तसाच ठेवला. "बरं जी," म्हणाला आणि उठला. त्याने तुला कसं सांगितलं असेल, तू ते कुठे उभा राहून ऐकलं असशील, हे माझ्या मनात इतक्या वेळा आलं आहे की मोजता येणार नाही.

तर कुंताचं नवं घर नाही. कधीच नव्हतं. ती तुझ्याच घरात आहे.

भट्टी त्र्याऐंशीच्या होळीला पेटली. साहेबांनी नारळ फोडला, मला हार घातला. घराच्या पुढच्या भिंतीवर ग्रामसेवकाने निळ्या रंगात योजनेचं नाव लिहवलं, आणि खाली "लाभार्थी श्रीमती कुंताबाई, विधवा कै. कवडू कापगते." शकुन तेव्हा नुकती वाचायला शिकत होती. येता-जाता भिंतीवरचं मोठ्याने वाचायची. कै. चा अर्थ तिने मलाच विचारला.

भट्टी मात्र चालली. बाकीच्यांच्या म्हशी मेल्या किंवा विकल्या गेल्या, सायकलचं दुकान बंद पडलं. कुंताची भट्टी एक दिवस थंड पडली नाही. उन्हाळ्यात तिथे दहा मिनिटं उभं राहवत नाही, ती सकाळपासून दुपारपर्यंत रेती हलवत असते. लाखांदूरच्या बाजारात तिचे मुरमुरे विचारून घेतात. सुंदरबाई आणि मंगलाबाई तिच्याकडे कामाला येतात, त्या दोघींचीही घरं त्यावर चालतात. बँकेचा शेवटचा हप्ता गेल्या दसऱ्याला फिटला. आमच्या चुलीवरून ती कधीच वेगळी झाली, आणि तुझ्या वहिनीच्या गुडघ्यांना तेल तीच लावून देते. हे मी माझी बाजू म्हणून लिहीत नाही. तुझ्या बायकोने काय उभं केलं ते तुला कळावं म्हणून लिहितो.

आणखी एक राहिलं. लाखनीचा ताराचंद तिच्याकडून माल नेतो. भला माणूस, बायको वारलेली. दोन वर्षांपूर्वी त्याने माझ्याकडे पाटाचं विचारलं. मी कुंताला तीनदा सांगितलं, हो म्हण. तिने हो म्हटलं असतं तर सेवकरामला सांगितलेलं खरं झालं असतं आणि मी सुटलो असतो. तिसऱ्या वेळी ती दाराआडून म्हणाली, "एकाच्या नावानं बसली आहो भाऊजी, तेवढं पुरे आहे."

गेल्या बुधवारी फोटो मागायला तिच्याकडे गेलो. भट्टी चालू होती.

"शकुनचा शाळेतला फोटो असला तर दे."

"फोटो कोणाले पायजे?"

तालुक्याच्या कागदाला लागतो, असं सांगणार होतो. त्याऐवजी खिशातलं कार्ड काढलं. मग सगळं सांगितलं. या पत्रात लिहिलं तसंच, काही न गाळता. तुझं कार्डही वाचून दाखवलं.

तिने कढईतला घाणा चाळून काढला. चुलीतली लाकडं ओढून त्यावर पाणी टाकलं. सुंदरबाईला घरी जा म्हणाली. मग बाहेर आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. डोक्यावर पदर घेतला नाही. इतक्या वर्षांत मी तिचा चेहरा असा कधी पाहिला नव्हता.

"सेवकराम आला तवा भट्टी बांधून झाली होती?"

"नाही."

"आई होत्या?"

"होत्या."

"तुमी मले इचारलं असतं, तर मी भट्टी नोको म्हणली असती. म्हणूनच इचारलं नाही ना?"

"होय."

मी पाया पडायला वाकलो तर ती मागे सरकली. "तुमी घरी जा आता," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर तिने शेणमाती कालवून पुढची भिंत सारवली होती. एकही अक्षर शिल्लक नाही. गावाला कळायला वेळ लागला नाही. रत्नाबाई कुंकवाची डबी घेऊन गेली, तिला तिने ओट्यावरूनच परत पाठवलं. माझ्या घरचं पाणी ती घेत नाही. तुझी वहिनी माझ्याशी बोलत नाही. भट्टी पाच दिवस थंड होती. आज पेटली, बाजाराचा माल द्यायचा आहे.

पाटीलकीचा राजीनामा मी सोमवारी दिला, आणि दाखला खोटा होता हे सहीनिशी लिहून दिलं. चौकशी होईल. माझं जे व्हायचं ते होवो. भट्टीचं काय, असं विचारलं तर साहेब म्हणाले, प्रकरणच खोट्या कागदावर उभं आहे, वर लिहावं लागेल. म्हणजे ती बंदही करतील. मी हे कुंताला निरोपाने कळवलं.

फोटो मात्र तिने शकुनच्या हाती पाठवून दिला, आणि एक अट घातली. पत्र पाकिटात घालायच्या आधी तिला वाचून दाखवायचं. तिला वाचता येत नाही, तेव्हा शकुनच वाचेल. पोरीला आजवर एवढंच माहीत आहे की बाप जिवंत आहे. तो मेला कसा, ते तिला माझ्याच अक्षरात वाचावं लागणार. मी कुंताला म्हणालो, तिला कशाला. ती म्हणाली, "तिचाच बाप मारला ना तुमी."

क्षमा मागत नाही. तुझ्या पायाची, तिच्या कपाळाची आणि आईच्या त्या दोन दिवसांची भरपाई माझ्याजवळ नाही. तू आलास आणि मला दारात उभं केलं नाहीस तरी मी काही बोलणार नाही. पत्राखाली तुझा दादा असं लिहवत नाही, नुसतं नाव लिहितो.

मधुकर

*

बाबा,

मोठेबाबांचं पत्र मी आईला वाचून दाखवलं. आईने दोनदा वाचायला लावलं. मधे मला वाचता आलं नाही तेव्हा थांबली. खाली जागा आहे तिथे आई सांगते तसं लिहिते.

आई म्हणते, घर तुमचं आहे. पायाची लाज धरू नोका. मी साडेचार वर्सं तुमाले मेलेलं समजून जगली, ते एका दिवसात पुसलं जात नाही, म्हणून आल्या-आल्या मले कपाळाचं काही इचारू नोका. भट्टी सरकारनं नेली तर दुसरी बांधू, मातीच तर आहे. पण येजा ते अंधारात नोको, आणि तलावाच्या आडवाटेनं नोको. भर दुपारी या. चावडीसमोरून, कुबडी टेकत टेकत, मधल्या रस्त्यानं या. ज्यायनं तुमच्या दहाव्याचं जेवण केलं, त्या साऱ्यायले पाहू द्या.

एवढं सांगून आई भट्टीकडे गेली. पुढचं माझं आहे. मी रस्त्याच्या तोंडाशी उभी राहीन. तुमचा चेहरा मला आठवत नाही, तेव्हा तुम्हीच आधी हाक मारा.

शकुन कवडू कापगते